बोलावणं चीनचं, उतरले ठाण्यात

डोंबिवलीत परदेशी निघालेल्या माणसाला 'का चाललात?' असं कोणी विचारत नाही. ते असभ्य समजलं जातं. विचारायचं असतं ते 'कुठली कंपनी?', 'किती वर्षं?' आणि आवाज जरा खाली आणून 'पॅकेज?' लिफ्ट तळमजल्यावरून चौथ्यावर पोचेपर्यंत तिन्ही उत्तरं हातात येतात आणि रात्री जेवणाआधी सगळ्या विंगेत पसरतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींचा धाकटा मुलगा जर्मनीला निघाला तेव्हाही ही यंत्रणा नेहमीच्या वेगाने सुरू झाली, पण पहिल्याच प्रश्नाला अडली. मुलगा कॅथलिक धर्मगुरू आहे.

"कंपनी कुठली, मावशी?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं.

"चर्च."

"म्हणजे ऑनसाइट."

"तसंच म्हणा, भाऊ."

"क्लायंट कोण?"

मावशींनी वर बोट दाखवलं. सेक्रेटरींनीही भक्तिभावाने वर पाहिलं, आणि जिन्याच्या छताला गळणाऱ्या पाइपाची वहीत नोंद केली.

मावशींच्या माणसांत याला पाचारण म्हणतात. देव बोलावतो आणि माणूस उठून जातो. पगार विचारायचा नाही, गाव निवडायचं नाही, कधी परत यायचं तेही आपण ठरवायचं नाही. तीन नोकऱ्यांच्या ऑफर समोर ठेवून चौथीशी घासाघीस करणाऱ्या आमच्या पोरांना हा प्रकार पचत नाही. एकाने तर मावशींना बाजूला घेऊन "निदान नोटीस पीरियड तरी विचारून घ्या" असा प्रेमाचा सल्ला दिला.

खरं म्हणजे ठाणे-कल्याण पट्ट्याला एव्हाना या गोष्टीची सवय व्हायला हवी होती. देवाच्या कामाला परक्या मुलखातून माणसं इथे यायला लागली त्याला दीड हजार वर्षं होत आली. सहाव्या शतकात कॉस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी होऊन गेला. पुढे त्याने ग्रंथ लिहिला. त्यात 'कल्लियाना' नावाच्या गावी एक बिशप असून त्याची नेमणूक पर्शियातून होते, अशी नोंद आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. उरलेल्यांशी आम्ही फारसे बोलत नाही. याच ग्रंथात कॉस्मासने पृथ्वी गोल नसून पेटीसारखी आहे हे मोठ्या हिरिरीने सिद्ध केलं आहे. पण त्याचं काय मनावर घ्यायचं! माणसाला पृथ्वीचा आकार कळला नाही तरी चालतो, कल्याण कळलं की झालं.

त्या बिशपचं नाव कॉस्मासने दिलेलं नाही. तो इथे किती दिवस रमला, उल्हास नदीच्या काठच्या डासांबद्दल त्याने वरिष्ठांना काय कळवलं, काहीच माहीत नाही. मात्र कल्याणला बाहेरून बिशप आणायची चाल पडली ती पडलीच. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी केरळातून इकडे आलेल्या सिरो-मलबार ख्रिस्ती लोकांसाठी नवा धर्मप्रांत काढला आणि त्याला नाव दिलं कल्याणचं. पहिले बिशप आले ते केरळचे. बिशपांचं निवासस्थान मात्र पवईला. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. नाव कल्याणचं आणि दिवस पवईत, अशी माणसं आमच्याकडे ट्रेन भरभरून आहेत. फरक एवढाच की बिशपांना रात्री परतावं लागत नाही.

पण मला खरा जिव्हाळा आहे तो १३२१ साली ठाण्यात उतरलेल्या मंडळींबद्दल, कारण त्यांना ठाण्याला यायचंच नव्हतं.

तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे तिघे इटलीचे फ्रान्सिस्कन साधू. चौथा डिमेट्रियस, तिफ्लिसचा, भाषांचा जाणकार. बरोबर जॉर्डानस नावाचा एक डॉमिनिकन साधू. पाचारण होतं चीनचं. होर्मुझच्या बंदरावर त्यांनी जहाजवाल्याशी कोल्लमपर्यंतचं भाडं ठरवलं, तिथून पुढे पूर्वेला जायचं असा बेत. जहाजवाल्याने त्यांना त्यांच्या मर्जीविरुद्ध आणून सोडलं ठाण्याला. 'एवढीच सवारी, पुढे जाणार नाही' असं म्हणून भलत्या कोपऱ्यावर उतरवणारी जमात आपण रिक्षा आल्यावर जन्माला आली असं समजतो. तेव्हा ती समुद्रावर होती.

ठाण्यात त्या काळी नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. त्यातल्या एका घरात चौघे उतरले. जॉर्डानस वरच्या अंगाला, भडोचकडे निघून गेला. एके दिवशी त्या घरात नवरा-बायकोचं वाजलं आणि नवऱ्याने बायकोला मारलं. ती बाई गप्प बसली नाही, तडक काझीकडे गेली. बरं केलं. काझीने विचारलं, साक्षीदार कोण? ती म्हणाली, घरात चार परदेशी पाहुणे आहेत, त्यांनी पाहिलंय.

आता ठाण्याला चार दिवस काढलेला कोणताही माणूस इथे कपाळाला हात लावील. यजमानाच्या घरच्या भांडणात पाहुण्याने पंख्याकडे बघायचं असतं, 'उकडतंय नाही?' म्हणायचं असतं. पण साधूंना खोटं बोलायची सोय नव्हती आणि त्या काळी पंखाही नव्हता. बोलावणं आलं तसे तिघे निघाले. चौथा, पीटर, मागे राहिला. कशासाठी? सामानाकडे लक्ष ठेवायला.

हे वाचलं तेव्हापासून सातशे वर्षांपूर्वीचा हा इटालियन साधू मला घरचा वाटायला लागला. चौघे निघाले की एकाने सामानाजवळ थांबायचं, हा आपला अलिखित कायदा त्याला इथे पाय ठेवताच कळला होता.

पुढचं हसण्यासारखं नाही. काझीपुढे साक्ष राहिली बाजूला आणि बोलणं धर्मावर गेलं, प्रश्नांवर प्रश्न झाले, उत्तरं झोंबली. ९ एप्रिलला तिघे मारले गेले. सामान सांभाळणारा पीटर ११ एप्रिलला. ज्या अधिकाऱ्याने हे करवलं त्याला दिल्लीच्या सुलतानाने जबर शिक्षा केली, असं मागून आलेल्या एका प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. जॉर्डानसने परत येऊन चौघांना सोपाऱ्याला पुरलं.

तो मागून आलेला प्रवासी म्हणजे पोर्देनोनेचा ओडोरिक, हाही फ्रान्सिस्कन, हाही चीनला निघालेला. होर्मुझहून ठाण्याला यायला त्याला २८ दिवस लागले, तेही एकही लोखंडी खिळा नसलेल्या, नुसत्या दोऱ्यांनी शिवलेल्या जहाजातून. ठाण्याबद्दल त्याने जे टिपलं ते वाचून नगरपालिका तेव्हाच हवी होती असं वाटतं. इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात, त्यांच्यापुढे मांजरांचं काही चालत नाही, त्यांना कुत्रेच पकडतात, असं तो म्हणतो. त्या घुशी होत्या हे कोणताही ठाणेकर सांगेल. मांजरांबद्दलचं त्याचं निरीक्षण आजही खोडून काढता येत नाही. दुसरी गोष्ट त्याला दिसली ती म्हणजे इथल्या झाडांतून दारू निघते आणि ती फार चढते. चीनला निघालेला साधू वाटेत ठाण्यात थांबतो आणि त्याला ताडी किती चढते हे नेमकं ठाऊक असतं, यावर मी जास्त बोलत नाही.

ओडोरिकने चौघांच्या अस्थी बरोबर घेतल्या आणि तो जहाजाने दक्षिणेकडे निघाला. वाटेत वारा पडला. जहाज जागचं हलेना. आधी मूर्तिपूजकांनी आपल्या देवांना विनवलं, मग मुसलमानांनी अल्लाची करुणा भाकली, मग ओडोरिकला सांगितलं, तुझ्या देवाला सांग, नाहीतर ही हाडं समुद्रात टाकतो. ओडोरिकने प्रार्थना केली. काही झालं नाही. शेवटी त्याने गुपचूप आपल्या माणसाला एक हाड पाण्यात टाकायला सांगितलं, आणि वारा सुटला म्हणे. मुंब्र्याच्या अलीकडे गाडी थांबल्यावर डब्यात जे सर्वधर्मीय वातावरण तयार होतं त्याचं इतकं जुनं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. बाकीच्या अस्थी मात्र त्याने चीनला पोचवल्या. चौघांचं बोलावणं चीनचं होतं, आणि ते पुरं झालं ते असं, एका सहप्रवाशाच्या सामानातून.

आणि जॉर्डानस? तो इथेच राहिला. एकटा. आणखी माणसं पाठवा म्हणून पत्रं लिहीत बसला. पुढे त्याने हिंदुस्थानच्या नवलाईवर एक पुस्तक लिहिलं. त्यात आंबा आहे, इतका गोड की शब्दांत सांगता येत नाही. फणस आहे, इतका मोठा की एक फळ पाच माणसांना पुरतं. सोबती गेले, माणसं मिळत नाहीत, जिवाला घोर, आणि त्यातही गृहस्थाने फणस किती जणांत वाटता येतो याचा हिशेब केलेला आहे. परक्या गावात टिकणारा माणूस असा असतो. १३२९ साली पोपने त्याला बिशप नेमलं, ते कोल्लमचा. मूळ तिकीट तिथलंच होतं. आठ वर्षं वेटिंगवर राहून कन्फर्म झालं.

माल काही फक्त आयातच होत नव्हता. वसईचा गोन्सालो गार्सिया, १५५७ च्या सुमाराचा जन्म, वडील पोर्तुगीज आणि आई वसईची, लहान वयात जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला. त्याला जेझुइटांच्याच संघात जायचं होतं. त्यांनी घेतलं नाही. मग हा चक्क व्यापारात पडला, फिरत फिरत मनिलाला पोचला आणि फ्रान्सिस्कनांत ब्रदर म्हणून दाखल झाला. म्हणजे अर्ज एकीकडे, सिलेक्शन दुसरीकडे, हेही जुनंच. १५९३ साली फ्रान्सिस्कनांना जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात जायचं होतं, पण जपानी कोणाला येतं? वसईच्या पोराला. दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानात आला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत ज्या सव्वीस जणांना क्रूसावर मारलं त्यात तो होता. १८६२ साली तो संत झाला, भारतात जन्मलेला पहिला संत. ठाण्यात डिमेट्रियस, नागासाकीत गोन्सालो, दोघेही भाषेचे जाणकार. कुठल्याही परक्या गावात ज्याला तिथली भाषा येते त्यालाच आधी पुढे ढकलतात. सोसायटीत ज्याला इंग्रजीतून पत्र लिहिता येतं त्याला हे माहीत आहे.

वसई परवापरवापर्यंत ठाणे जिल्ह्यातली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याचा संत पालघरकडे गेला. जपानला जाऊन आलेला माणूस, तो काय जिल्ह्याला भितो?

आता मावशींच्या मुलाकडे येऊ. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली एक पत्र काढून बिशपांना सांगितलं होतं, जिथे धर्मगुरू कमी आहेत तिथे आपले काही जण उसने द्या. त्यांच्या डोळ्यांपुढे आफ्रिका होती. देणारा युरोप होता. आता जर्मनीतल्या चर्चना आपली पोरं पुरत नाहीत, आणि उसनवारीचा वाडगा घेऊन तेच आपल्या दारात उभे आहेत. साखर संपली की शेजारी जायचं असतं. लाज कसली त्यात?

मात्र बोलावणं देवाचं असलं तरी पत्र लेटरहेडवर लागतं. इकडच्या वरिष्ठांचं, तिकडच्या बिशपांचं, मग विमा, मग पोलिसांचा दाखला, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे जर्मनची परीक्षा. फादर सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकले, धर्मशास्त्र शिकले, पण जर्मन नामांच्या लिंगांनी त्यांची श्रद्धा हलवली. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी आहे. मावशी म्हणाल्या, "मराठीत काय वेगळं? कार्टं म्हणतोच की आपण." त्यानंतर त्यांना बरं चाललं. ऐकण्याच्या पेपरात स्टेशनवरची घोषणा ऐकून गाडी कुठल्या फलाटावर येणार ते लिहायचं होतं. घोषणा त्यांना नीट कळली. पण डोंबिवलीत वाढलेल्या माणसाचा घोषणेवर विश्वास बसायला वेळ लागतो, त्यात दोन मार्क गेले.

अमेरिकेला जाणाऱ्या धर्मगुरूंचं तर आणखी कडक. त्यांचा व्हिसा वेगळा, आर-१. अर्ज तिथल्या चर्चने करायचा, आणि माणूस निदान दोन वर्षं त्या पंथात असल्याचा पुरावा जोडायचा. संत पीटरला तो मिळाला असता. संत पौलाला दमिश्कच्या वाटेवर प्रकाश दिसल्यावर दोन वर्षं थांबावं लागलं असतं. मिळाला तरी मुक्काम जास्तीत जास्त पाच वर्षं. बोलावणारा अनादी-अनंत, व्हिसा साठ महिन्यांचा.

सामान मावशींनी भरलं. मावशी माहेरच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या ख्रिस्ती समाजातल्या. दर एप्रिल-मेमध्ये गच्चीत मिरच्या वाळतात, भाजणं-कुटणं होतं आणि तो लाल मसाला ठासून भरला जातो बिअरच्या काळ्या बाटल्यांत, म्हणून तो बॉटल मसाला. या बाटल्या मावशींनी मुलाच्या झग्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवल्या. बव्हेरियाला बिअरच्या बाटल्या घेऊन जाणारा, आणि त्यात बिअर नसणारा, असा प्रवासी तिथल्या कस्टमवाल्यांना पहिलाच भेटला असावा. "यात काय आहे?" त्यांनी विचारलं. फादरांनी पाठ केलेलं पहिलं जर्मन वाक्य तिथे वापरलं, "माझ्या आईने दिलंय." सोडलं त्यांना.

आता रविवारी रात्री फोन येतो आणि सोमवारी सकाळी जिन्यात त्याचं वार्तांकन होतं. फादरांना एक गाव नाही, पाच गावं मिळालीत. पाच चर्च, माणूस एक, म्हणून गाडी चालवणं आलं. परीक्षेसाठी शिकलेली जर्मन ही सदाशिव पेठेतली, आणि गावात बोलतात ती अस्सल मालवणी, त्यामुळे पहिले काही महिने ते फक्त प्रार्थनेच्या वेळी काय चाललंय ते समजून होते. मिस्सा दहाची म्हणजे दहाची. एकदा बर्फामुळे हे चार मिनिटं उशिरा पोचले तर ऑर्गन वाजवणाऱ्या आजोबांनी सुरुवात करून टाकली होती. बाप्तिस्मे कमी, अंत्यविधी जास्त. अंत्यविधीनंतर कॉफी आणि केक. केक खाल्ला नाही तर मेलेल्याचा अपमान. त्यामुळे फादरांचं वजन वाढतंय आणि ते वाढणं चांगलं की वाईट हे मावशींना ठरवता येत नाही.

तिथे गाड्यांना आशीर्वाद देण्याचा दिवस असतो. गावातले शेतकरी ट्रॅक्टर धुऊन पुसून, फुलं बांधून चर्चपुढे रांगेत लावतात. परदेशी फादरांना हे जमेल का, अशी तिथल्या म्हाताऱ्यांना काळजी होती. जो मुलगा दर दसऱ्याला आमच्या पार्किंगमध्ये उभा राहून सगळ्यांच्या स्कुटरना झेंडूच्या माळा बांधून देत असे, त्याला! त्यांनी एकेका ट्रॅक्टरपुढे थांबून, पुढच्या टायरवरही पाणी शिंपडून असा काही विधी केला की म्हातारे खूश झाले. टायरखाली लिंबू ठेवायचा मोह आवरला, असं ते फोनवर म्हणाले.

एक दिवस गाडी सुरूच होईना. बॉनेट उघडलं तर वायरी कुरतडलेल्या. शेजारीण म्हणाली, मार्डर. मांजराएवढा एक प्राणी असतो, रात्री गाड्यांत शिरतो आणि वायरी खातो. त्याच्यापासूनच्या नुकसानीचा विमा निघतो. फादरांनी हे मोठ्या नवलाने आईला सांगितलं. ठाण्याबद्दल हे सांगणारा ओडोरिक फ्रान्सिस्कन होता, हा डोंबिवलीकर आहे, बाकी मजकूर तोच.

सेक्रेटरींना यातलं काही भावलं नाही. त्यांना भावला तो चर्चचा कर. जर्मनीत नोंदलेल्या सभासदाच्या आयकरावर ८ किंवा ९ टक्के चर्चसाठी सरकारच परस्पर कापून घेतं, हे ऐकल्यापासून ते अस्वस्थ आहेत. मेंटेनन्सची थकबाकी अशी पगारातूनच कापता येईल का, हा विषय त्यांनी वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घेतला आहे.

फादर गेले आणि मावशींच्या चर्चमध्ये जागा रिकामी नको म्हणून नवे फादर आले, झारखंडचे. पोरसवदा, हसरे, मराठीत 'मी आलो' आणि 'मी आली' यांच्यात अजून गोंधळणारे. मावशींनी पहिल्याच रविवारी त्यांना जेवायला बोलावलं आणि वाढता वाढता नेहमीचा प्रश्न विचारला, इकडे कसे काय?

"इटलीला जायचं होतं," ते म्हणाले. "भाषा पण शिकलो. व्हिसा नाही आला. मग डोंबिवली आली."

मावशींनी आणखी एक पोळी वाढली. मराठीच्या शिकवणीला बांद्र्याला जावं लागतं, सकाळची वेळ आहे आणि आठवडाभर प्रयत्न करूनही डोंबिवलीला गाडीत चढता आलेलं नाही, हे त्यांनी खाली मान घालून सांगितलं. दोनदा दारापर्यंत पोचले होते.

"फादर, तुम्ही 'एक्स्क्यूज मी' म्हणता का?"

"हो."

"ते आधी बंद करा. बॅग पुढे घ्या. आणि डोंबिवलीला चढूच नका. उलट्या गाडीने कल्याणला जा, तिथे रिकाम्या गाडीत बसा आणि तीच गाडी पकडून परत डोंबिवलीवरून पुढे जा."

"पण मला तर मुंबईकडे जायचंय."

"हो ना," मावशी म्हणाल्या, "म्हणूनच सांगते, आधी कल्याणला जा."